आपल्यातला डॉक्टर

एक भन्नाट प्रयोग ऐका. 2017 साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात संशोधकांनी सलूनमध्ये आणि जुन्या बाजारात जाऊन कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीला बोलावलं. दवाखान्यात आलेल्याच्या हाती टॅब्लेट दिला. त्यावर डॉक्टरचा फोटो, कुणाला कृष्णवर्णीय तर कुणाला दुसऱ्या वंशाचा. कोण मिळणार, हे नशिबावर. खाली प्रश्न: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल... काय काय तपासायचं?

फोटो पाहून फरक पडला? अजिबात नाही! मग खुद्द डॉक्टर आत आले, बोलले, आणि आता यादी बदलायची असेल तर बदला म्हणाले. खरी जादू इथे झाली. समोर कृष्णवर्णीय डॉक्टर असला, तर साखरेच्या चाचणीला शंभरात 20 जण जास्त ‘हो’ म्हणू लागले, कोलेस्टेरॉलच्या चाचणीला 26! शिवाय जिथे रक्त द्यायचं, तिथे हा फरक अधिक.

रक्त देण्याचीच धास्ती का? अलाबामातल्या टस्कीगीत 1932 ते 1972, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी आरोग्यसेवेनं सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराच्या नावाखाली नुसतं न्याहाळत ठेवलं. पेनिसिलिन आलं, तेही दिलं नाही. आणि या माणसांना सांभाळून घेणारी परिचारिका? तीही कृष्णवर्णीयच! म्हणजे दाराशी आपला चेहरा उभा करून भागत नाही. काय शोधायचं, कसं शोधायचं, हे ठरवणाऱ्या टेबलाशी आपलं माणूस हवं.

असं माणूस घडवायचं कसं? मिसिसिपीतल्या जॅक्सनमध्ये बघा. 2000 साली तिथे 5,300 कृष्णवर्णीयांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. प्रमुख होते कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्मन टेलर. अभ्यासासोबतच टूगलू या कृष्णवर्णीयांच्या जुन्या कॉलेजात पदवीच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवायला सुरुवात झाली. ज्यांच्या शेजारपाजारचं रक्त तपासलं जाणार, तीच पोरं उद्या ते आकडे वाचणार!

कृष्णवर्णीयांना अभ्यासात सामील करून विज्ञानाला काय मिळतं? याच शहरात आणि अमेरिकेतल्या आणखी काही ठिकाणी 1987 पासून हृदयविकाराचा दुसरा एक अभ्यास चालू होता. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय जॅक्सनचेच. त्यांची माहिती हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी तपासली आणि 2006 मध्ये जग थक्क झालं. कृष्णवर्णीयांपैकी 2.6 टक्के लोकांमध्ये ‘पीसीएसके9’ नावाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली होती. पण काय तो बिघाड! वाईट कोलेस्टेरॉल 28 टक्क्यांनी कमी, हृदयविकाराचा धोका तर 88 टक्क्यांनी! गोऱ्यांमध्ये हे बिघाड जवळपास सापडतच नाहीत. नुसते गोरेच तपासले असते, तर हा खजिना इतका ठळक दिसला नसता.

या बिघाडाची नक्कल करणारी पहिली दोन इंजेक्शनं अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाली. ती गोऱ्यांचंही कोलेस्टेरॉल उतरवतात.