रंग न बदलता हैदराबादपर्यंत

काचेचा एक तंतू. प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो त्याचा व्यास जेमतेम ९ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक. एवढ्याशा वाटेवरून ऐंशीच्या वर वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी जाऊ शकतात आणि तरी त्यांची सरमिसळ होत नाही! रंग म्हणायचं ते समजण्यापुरतं, कारण १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. शेजारच्या दोन रंगांत एका नॅनोमीटरचंही अंतर नसतं, आणि एकेक रंग सेकंदाला १०० अब्ज बिट किंवा त्याहून जास्त माहिती नेतो.

समजा, मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे हैदराबादला एक प्रकाशवाट हवी आहे. वाटेत प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करणं खर्चिक, म्हणून तो प्रकाशच राहू द्यायचा. पुण्यात ‘रोडॅम’ नावाचं यंत्र हवे ते रंग उतरवून घेतं, बाकीच्यांना तसंच पुढे सोडतं. पण मग एक कडक अट येते: मुंबईत जो रंग मिळाला, तोच हैदराबादपर्यंत. रेल्वेत पुण्याला आपण उठून दुसऱ्या मोकळ्या जागेवर बसू शकतो, प्रकाशाला ती मुभा नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर निम्मे रंग मोकळे असूनही सगळ्या टप्प्यांवर मोकळा असा एकही रंग सापडू नये, असं होऊ शकतं.

ज्या दोन वाटा एखादा टप्पा एकाच तंतूतून जातात, त्यांना एकच रंग चालत नाही. नकाशात शेजारच्या प्रांतांना वेगळे रंग देण्याचं जुनं कोडं आठवलं ना? क्लामताक, गान्झ आणि कार्मी या संशोधकांनी १९९२ साली नेमकं हेच नातं दाखवलं. जाळं मोठं झालं की सर्वोत्तम मांडणी दर वेळी झटपट शोधून देणारी रीत आजही कुणाला माहीत नाही. मला यातलं सर्वांत विलक्षण हेच वाटतं.

त्यात आणखी एक पेच. एखाद्या बँकेला १० अब्ज बिटच हवे असतात, तिला अख्खा रंग देणं म्हणजे एका प्रवाशासाठी एसटी सोडणं. म्हणून दहा लहान प्रवाह एका रंगावर बसवायचे. याला म्हणतात ट्रॅफिक ग्रूमिंग. पण मध्येच कुणाला उतरवायचं असेल, तर तिथे तो सगळा रंग विजेत उलगडावा लागतो, त्याची महागडी यंत्रं बसवावी लागतात. हैदराबादचे सगळे एका गाडीत बसवले, तर ती विनाथांबा जाते. खरं कौशल्य कोणाला कोणाबरोबर बसवायचं, यात आहे.

तंतूत ८० किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा सुमारे चाळिसावा भागच उरतो. तिथे अर्बियम मिसळलेल्या काचेचा वर्धक सगळ्या रंगांना एकाच वेळी पुन्हा उजळवतो. मुंबई ते हैदराबाद साधारण ७०० किलोमीटरचं अंतर प्रकाश साडेतीन मिलिसेकंदांत कापतो, निघताना होता त्याच रंगात.