एजंटला पैसे देण्याआधी जीआर स्वतः उघडून वाचा



समजा, एसटी स्टँडजवळ तुमचं चहा-नाश्त्याचं दुकान आहे. रात्री कुणीतरी येऊन सांगतं, "टाइम झाला, शटर खाली घ्या." कोणत्या नियमाने, हे तोही सांगत नाही आणि तुम्हीही विचारत नाही, कारण नियम आपण कधी बघितलेलाच नसतो.

आता हे बघा. १ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्याच्या उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाने एक शासन निर्णय काढला. त्यात स्पष्ट केलं, की दुकानं आणि आस्थापना २४ तास उघडी ठेवता येतात. दारू देणाऱ्या जागांना ही मोकळीक नाही. आणि मालकाने विसरू नये अशी एक अट आहे: प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायची. गंमत म्हणजे ही मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. तरी स्थानिक पातळीवर दुकानं बंद करायला लावतात अशा तक्रारी येत राहिल्या, म्हणून शासनाला पुन्हा लिहून सांगावं लागलं. नियम होता, पण ज्याच्यासाठी होता त्याच्या हातात नव्हता.

आधी परिस्थितीच तशी होती. जीआर निघायचा, त्याच्या प्रती खात्याखात्यांत जायच्या आणि फायलीत लागायच्या. राजपत्र हवं तर शासकीय मुद्रणालय किंवा ग्रंथागार गाठायचं. उदाहरणार्थ, मुंबईत चर्नी रोडला जायचं. तालुक्याच्या गावातला माणूस कशाला जाईल? मग नियम कोणाला ठाऊक? टेबलामागच्या बाबूला आणि टेबलासमोरच्या एजंटला. एजंटचा अर्धा धंदा फॉर्म भरण्याचा होता, अर्धा त्या माहितीचा.

आज महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' हा विभाग आहे. खातं निवडा, तारखा टाका, शीर्षकातला एखादा शब्द टाका, पीडीएफ फुकट मिळते. राजपत्रही ऑनलाइन निघतं, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ८ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक राजपत्रातलं प्रकाशन ग्राह्य धरलं जातं. त्यामुळे "छापील प्रत आणा" असं कोणी म्हटलं तर गडबडून जाऊ नका.

पण नुसती पीडीएफ डाउनलोड करून भागत नाही, ती वाचता आली पाहिजे. भाषा बघून लोक दोन ओळींत दमतात, म्हणून माझी पद्धत सांगतो. मी जीआर शेवटून वाचायला घेतो. शेवटच्या भागात एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जीआरमध्ये हा संकेतांक नसेल, किंवा तो संकेतस्थळावर टाकून काहीच सापडत नसेल, तर त्या कागदावर एक रुपयाही लावू नका.

मग वर या. सुरुवातीला 'वाचा' किंवा 'संदर्भ' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. बरेच जण ती सोडून देतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाची तीच. योजना कधी सुरू झाली, मध्ये किती वेळा बदलली, हे तिथे कळतं. त्यानंतर मजकुरात 'अधिक्रमित' हा शब्द शोधा. एखादा निर्णय अधिक्रमित केला म्हणजे तो गेला, त्याच्या जागी नवा आला. 'शुद्धिपत्रक' असेल तर जुना जिवंत आहे, पण त्यातली एखादी ओळ किंवा आकडा बदललाय. इथेच माणसं फसतात. कर्ज-अनुदानाच्या योजनेचा पहिला जीआर सापडतो, त्यावरून प्रकल्प अहवाल तयार होतो, मशीनचं कोटेशन येतं, आणि बँकेत गेल्यावर कळतं की अट मध्येच बदलली होती. संकेतस्थळ जुना जीआर काढून टाकत नाही. शेवटचा कोणता, हे आपणच शोधायचं.

अजून एक घोळ बातमीचा. गुमास्ता घ्या. २०१७ च्या मूळ कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, व्यवसाय सुरू केल्याची नुसती सूचना द्यायची, अशी सोय होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कायद्याच्या मुख्य तरतुदींसाठी ही संख्या २० करायला मंजुरी दिली, आणि त्याच दिवशी "आता २०!" असे व्हिडिओ सुरू झाले. अहो, मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे कायद्यातला बदल नव्हे. बदल राजपत्रात येतो, आणि कोणत्या तारखेपासून लागू हेही तिथेच लिहिलेलं असतं. ११-१२ माणसं कामाला असणाऱ्याने युट्यूब बघून नाही, माझा व्हिडिओ बघूनसुद्धा नाही, राजपत्र बघून ठरवायचं.

संकेतस्थळ परिपूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. काही जुने कागद नुसते स्कॅन केलेले आहेत, त्यात शब्द शोधता येत नाही. शीर्षकं अशी, की आपल्या कामाचा जीआर कोणत्या खात्याखाली असेल याचा अंदाज बांधावा लागतो. व्यवसाय उद्योग खात्याचा वाटतो आणि अट निघते नगरविकास खात्याची.

अर्ज दिल्यानंतर किती दिवस थांबायचं, याचाही नियम आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती मुदत, फी, जबाबदार अधिकारी आणि अपील कुणाकडे करायचं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. फलकाचा फोटो काढून ठेवा. 'आपले सरकार' पोर्टलवरही तपासता येतं. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. भांडायला जाऊ नका, मुदत कधी संपली ते तारखेसकट अपिलात लिहा.

नगरपालिकेचे उपविधी, बाजारशुल्क, फलकाचे दर मात्र जीआरच्या विभागात मिळतीलच असं नाही. ते आधी पालिकेच्या संकेतस्थळावर बघा. नसतील तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "सर्व नियम द्या" असं लिहू नका. "अमुक शुल्क ज्या ठरावाने लावलं, त्या ठरावाची प्रत द्या," एवढंच मागा.