क्लबच्या अ‍ॅपमधली बाकी नेमकी कुणाची?

जिमखान्याच्या अ‍ॅपमध्ये नावापुढे ‘उणे १,२००’ दिसलं की कुणी लगेच पैसे भरतं, तर कुणी क्लबकडेच आपले बाराशे निघतात असं धरून चालतं. उणे म्हणजे थकबाकी असा सरसकट नियम नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये तेच चिन्ह आगाऊ जमा दाखवतं. म्हणून चिन्हावर जाऊ नये, जमा-नावे पाहावं. हे खातं क्लबच्या वहीतलं आहे. बिल निघालं की रक्कम तुमच्या नावे पडते, पैसे आले की जमा होते. नावे जास्त असेल तर देणं तुमचं, जमा जास्त असेल तर क्लबचं.

ही बाकी म्हणजे तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलेली रक्कमही नव्हे. पैसे क्लबच्या बँक खात्यात सगळ्यांचे एकत्रच असतात. बाकी हा फक्त हिशेब. त्यामुळे ‘खजिनदारांनी तेवढा आकडा बदलावा’ ही मागणीच चुकीची आहे. बिल चुकलं असेल तर उलटी नोंद करायची, जुनी खोडायची नाही. पुढे वाद झाला तर सभासदाच्या हाती पुरावा म्हणून याच नोंदी असतात.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती ‘पैसे भरले तरी बिल थकीत’ यावरून. समजा, कोचिंगचं बिल २,००० रुपयांचं आणि तुम्ही ३,००० भरले. बाकी १,००० जमा दिसते, ती बरोबरच आहे. पण ते पैसे त्या बिलाशी जोडलेच नसतील, तर बिल उघडंच राहतं आणि स्मरणाचा एसएमएस येतो. पैसे बुडालेले नसतात. पावती त्या बिलापोटी वळती करून घ्या, पुन्हा भरू नका. प्रवेशाच्या वेळची अनामत मात्र यात धरू नये. तिचं खातं सहसा वेगळं असतं.

यूपीआयनं पैसे कापले गेले आणि बाकी हलली नाही, तर बहुतेक वेळा व्यवहाराची खबर क्लबच्या सॉफ्टवेअरपर्यंत पोचलेली नसते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, घेणाऱ्याला व्यवहाराची पुष्टी मिळालीच नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि तोच क्लबच्या कार्यालयाला कळवा.