जॅक किल्बी : हौशी रेडिओपासून चिपपर्यंत

2000 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स अभियंता जॅक किल्बी यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी आपल्या आवडीचे मूळ कॅन्ससमधल्या एका हिमवादळात दाखवले. त्यांचे वडील वीज कंपनी चालवत. वादळाने वीज गेली, टेलिफोन बंद पडले, तेव्हा वडिलांनी हौशी रेडिओचालकांच्या मदतीने दूरच्या भागांशी संपर्क साधला. ते पाहून मुलाला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली. पुढे तोही हॅम रेडिओचा परवानाधारक झाला.

1958 च्या उन्हाळ्यात किल्बी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये रुजू झाले. बहुतेक सहकारी सुट्टीवर गेले. या नव्या माणसाच्या खात्यावर मात्र रजाच नव्हती. त्या निवांत दिवसांत त्यांना सुचले, की ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, कपॅसिटर हे सगळे एकाच अर्धवाहकातून घडवता येतील. 12 सप्टेंबरला जर्मेनियमच्या तुकड्यावरचे सर्किट चालले. त्यातल्या जोडण्या हाताने लावलेल्या बारीक तारांच्या होत्या. ती मोठी अडचण रॉबर्ट नॉइस यांनी 1959 मध्ये सिलिकॉनवर सोडवली, म्हणून चिपचे श्रेय दोघांना देणेच न्याय्य. मात्र नॉइस 1990 मध्ये वारले आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही, म्हणून 2000 च्या पुरस्कारात ते वाटेकरी होऊ शकले नाहीत.