‘पहिला पाठवणारा’ शोधायचा कसा?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. अशी अफवा सर्वांत आधी कुणी पाठवली, हे पोलिसांना कळायलाच हवं. मग अडतं कुठे? आपण क्रमाने पाहू.

आपण ‘पाठवा’वर बोट ठेवलं की संदेश आपल्याच फोनमध्ये कुलूपबंद होतो. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात: किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं मजकुराचं रूप. ती किल्ली फक्त आपल्या आणि पलीकडच्या फोनमध्ये असते. कंपनीचा सर्व्हर बंद मजकूर पोचवतो, वाचू शकत नाही. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळ्यांचे संदेश असेच जातात.

खात्री करायची असेल तर चॅटमधल्या व्यक्तीच्या नावावर टॅप करून ‘एन्क्रिप्शन’ उघडा. तिथे ६० आकडे दिसतील. समोरच्याच्या फोनवरही तेच असतील, तर मध्ये कुणी नाही.

इथेच अनेकांची गफलत होते. संदेश बंद म्हणजे सगळंच बंद, असं नाही. आपला नंबर आणि खात्याची काही माहिती कंपनीकडे असते, आणि कायदेशीर मागणी आली की ती दिली जाते. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला वेगळं कुलूप लावावं लागतं. ते बहुतेकांनी लावलेलंच नसतं. आणि उघडलेला फोन पोलिसांच्या हातात असेल, तर एन्क्रिप्शनचा प्रश्नच उरत नाही.

आता कायद्याकडे येऊ. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांतला नियम ४(२) सांगतो की ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेने, न्यायालयाचा किंवा आयटी कायद्याच्या कलम ६९ खालचा आदेश आल्यास, संदेशाचा ‘पहिला पाठवणारा’ ओळखून द्यावा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, बालकांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांपुरतंच हे आहे. मजकूर मागायचा नाही, असंही नियमातच लिहिलं आहे.

वाचताना हे रास्त वाटतं. पण उद्या कोणत्या संदेशाबद्दल विचारणा होईल, हे आज कुणालाच माहीत नसतं. म्हणून प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संदेशावर खूण करून ठेवावी लागते. एक सुचवलेला मार्ग ‘हॅश’चा: मजकुरावरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा. हे ठसे साठवायचे आणि वेळ आली की सर्वांत जुना शोधायचा. मात्र मजकुरात एक पूर्णविराम वाढवला तरी ठसा पार बदलतो. मद्रास उच्च न्यायालयासमोर २०१९ मध्ये मद्रास आयआयटीचे प्रा. कामकोटी यांनी दुसरा मार्ग मांडला होता: मूळ पाठवणाऱ्याची माहिती संदेशासोबतच पुढे न्यायची. मुंबई आयआयटीच्या मनोज प्रभाकरन यांनी त्याला हरकत घेतली. ॲपमध्ये फेरफार करणारा तिथे दुसऱ्याचा नंबर घालू शकतो, आणि मग दारात पोलिस येतात ते भलत्याच्याच.

त्यात आणखी एक मेख आहे. मूळ संदेश परदेशातून आला असेल, तर भारतात तो पहिल्यांदा पाठवणारा ‘पहिला’ धरला जातो. दुबईच्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ पुण्यातल्या मावशीने काळजीपोटी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर नियमाच्या लेखी पहिली मावशीच.

पोलिसांसाठी ठेवलेली वाट फक्त पोलिसच वापरतील, याची हमी नसते. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये व्होडाफोनच्या यंत्रणेतल्या कायदेशीर टॅपिंगच्याच सोयीतून अज्ञातांनी पंतप्रधानांसह शंभराहून अधिक फोन चोरून ऐकले. म्हणूनच मला हा नियम धोक्याचा वाटतो. गुन्हेगार मोजके, पण खुणा कोट्यवधींच्या संदेशांवर. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर इथली सेवा बंद होईल, असं कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितलं.

तपासाला दुसरी वाट आहे, वेळखाऊ पण पक्की: ज्याला संदेश आला त्याच्या फोनवरून ज्याने पाठवला त्याच्याकडे, तिथून त्याच्या आधीच्याकडे. ही साखळी अनेकदा आपल्याच हातून तुटते, कारण घाबरून आपण संदेश पुसून टाकतो. तो पुसू नका. पुढेही पाठवू नका. स्क्रीनशॉट काढा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा आणि फोन घेऊन पोलिस ठाण्यात जा.