लक्ष्मीपूजनाचा एक तास

आश्विन अमावास्येस व्यापाऱ्यांचे विक्रम संवत्सर सरते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेस नवे लागते. घरोघरी पणत्या उजळतात, पेढ्यांवर वहीपूजन होते. अशा सणात, ज्यांचा पैसा समभागांत गुंतला आहे त्यांनी विसावावे की बाजारभावांवर दृष्टी ठेवावी, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांतही शिरला आहे.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटने याचे उत्तर आपल्या रीतीने दिले आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीत मुहूर्ताचे व्यवहार होतात. एरवी सुट्टी असलेल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजार सुमारे एक तास उघडतो. ही वेळ बहुधा सायंकाळची. २०२५ साली मात्र २१ ऑक्टोबरला दुपारी पावणेदोन ते पावणेतीन अशी होती. शकुन म्हणून पुष्कळ जण थोडेसे समभाग घेतात. तथापि हा खेळ नव्हे. त्या तासातील व्यवहारांचे देणेघेणेही रीतसर चुकते करावे लागते.

लक्ष घालण्यास एक तास नेमला की उरलेला दिवस घराचा होतो, हे या प्रथेतील शहाणपण आम्हांस मोलाचे वाटते.

पंधरवड्यापूर्वी कोजागरीस लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे कोण जागा आहे, असे विचारीत फिरते, अशी श्रद्धा आहे. परंतु जागृती म्हणजे निद्रानाश नव्हे. कर्ज काढून समभाग घेणाऱ्यास किंवा वायद्यात गुंतलेल्यास सुट्टीचे भय खरे असते. आपला बाजार बंद असताना अमेरिकेतील बाजार चालू असतात. तिकडील घसरणीचा फटका इकडे दार उघडताच बसू शकतो. मधल्या काळात भ्रमणध्वनीकडे टक लावून ती घसरण थांबत नाही. म्हणून झेपणार नाही तो भार सणापूर्वीच उतरवावा. स्वतःच्या शिलकीतून दीर्घ मुदतीसाठी समभाग घेणाऱ्यास चार दिवसांच्या चढउताराने एवढे व्याकूळ होण्याचे कारण नाही.

'योगक्षेम' या शब्दात योग म्हणजे न मिळालेले मिळविणे आणि क्षेम म्हणजे मिळालेले सांभाळणे. मिळालेल्यांत घरची माणसेही येतात, वाचकहो! पाडव्यास पत्नी ओवाळीत असता यजमानांची दृष्टी परदेशी भावांवर खिळली असेल, तर त्या निरांजनाचा प्रकाश पडावा कोणावर? बलिप्रतिपदेस बाजार बंद असतो. मनातलाही तेवढा एक दिवस बंद ठेवावा.