कॉन्फिग फाइल लपवायची की जपायची?

सातपूर-अंबडचे कारखाने असोत की लासलगावचे कांदा व्यापारी, वजनकाट्याचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर सगळीकडे लागतं. प्रोग्रॅमबरोबर एक कॉन्फिग फाइलही जाते. काटा कुठल्या पोर्टला जोडलाय, बॉड रेट ९६०० की आणखी काही, डेटाबेस कुठे आहे आणि बहुतेकदा त्याचा पासवर्डसुद्धा तीत असतो.

‘पासवर्ड बेस६४मध्ये आहे, कोणाला कळणार?’ कोणालाही. बेस६४ ही फक्त लिहिण्याची वेगळी पद्धत; उलटवायला किल्लीच लागत नाही. ओळीच्या शेवटी बरोबरची एक-दोन चिन्हं दिसली की जाणकाराला लगेच संशय येतो.

‘मग एन्क्रिप्ट करू.’ करा, पण किल्ली कुठे ठेवणार? फाइल वाचायची तर ती प्रोग्रॅमच्या हाती हवीच. डॉटनेटमधला प्रोग्रॅम आयएलस्पायसारख्या मोफत साधनात उघडला की मूळच्या जवळपास जाणारा कोड दिसतो आणि त्यात किल्लीही सापडते. विंडोजचं डीपीएपीआय यापेक्षा बरं. त्याची किल्ली त्या यूजरशी किंवा त्या मशीनशी बांधलेली असते, म्हणून फाइल पेन ड्राइव्हवर नेली तरी दुसरीकडे उघडत नाही. अर्थात त्यामुळेच हे काम सेटअप बनवताना होत नाही, ग्राहकाच्या मशीनवर इन्स्टॉल करतानाच करावं लागतं. आणि तरीही डेटाबेसचं ‘एसए’ लॉगिन फाइलमध्ये ठेवूच नये. गरजेपुरते अधिकार असलेलं वेगळं लॉगिन बनवायला फार वेळ लागत नाही.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज असा, की एन्क्रिप्ट केलेली फाइल कोणी बदलू शकत नाही. वाचता न येणं आणि बदलता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारी हॅश ठेवूनही भागत नाही. फाइल बदलणारा नवा हॅशही काढून ठेवतो. इथे डिजिटल सही लागते. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. खरी नोट कशी ओळखायची हे रिझर्व्ह बँक स्वतःच लोकांना सांगते, पण ती छापणं मोजक्यांच्याच हातात असतं. सहीचंही तसंच: तपासायची सार्वजनिक किल्ली प्रोग्रॅममध्ये खुशाल द्यावी, सही करायची खासगी किल्ली मात्र आपल्या कचेरीबाहेर जाऊ देऊ नये. प्रोग्रॅमच्या एक्झी फाइलवरही सही हवी, नाहीतर कोणी तपासणाराच बदलून टाकेल.

‘रीड-ओन्ली केलंय’ याला काही अर्थ नाही, ती खूण कोणीही काढतो. उलट सेटिंग सेव्ह होत नाही म्हणून प्रोग्रॅम फाइल्समधल्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी देतात, तेव्हा खरं नुकसान होतं. मग कोणताही साधा यूजर एक्झीच बदलू शकतो. परवानगी न दिल्यास जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमची बदललेली फाइल विंडोज गुपचूप त्या यूजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये ठेवतं. सकाळच्या ऑपरेटरने बदललेला पोर्ट दुपारच्याला दिसत नाही, तो यामुळे. मूळ सेटिंग प्रोग्रॅम फाइल्समध्ये सही करून ठेवावं, यूजरचे बदल अ‍ॅपडेटामध्ये, सगळ्यांसाठीचे प्रोग्रॅमडेटामध्ये.

मात्र ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार आहेत तो सही तपासणारा कोडही बदलू शकतो. तेव्हा दर, सवलतीची मर्यादा, लायसन्सची मुदत यांचा निर्णय ग्राहकाच्या मशीनवरच्या फाइलवर सोडू नये, तो सर्व्हरवर घ्यावा.